मूल घरी शिकवायचं ठरवलंत? आधी दहावीची वाट शोधा, मग दाखला काढा

2022 चा मे. माजघरात आंब्याच्या अढ्या लावलेल्या, त्यातून वाट काढत मी ओटीवर आले. पिशवीत थोरलीचं पाचवीचं प्रगतिपुस्तक होतं आणि शाळा सोडल्याचा दाखला. थोरल्या भावोजींनी दाखला हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि एवढंच विचारलं, "घराकडे ठेवतलंस तां ठेव गे, पण दहावीक बसवतलंस खंयसून?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. सुदैवाने माझ्याकडे उत्तर होतं, कारण मार्चपासून मी तेच शोधत होते. आता तालुक्यातून, कधी देवगड-वेंगुर्ल्याहून आयाबायांचे फोन येतात. पहिला प्रश्न असतो, "कायद्याने चालतं का?" मी भावोजींचाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवते. मूल दहावीला कुठून बसणार, हे ठरल्याशिवाय दाखल्याला हात लावू नका. बाकीचं सगळं त्यातून उलगडत मागे येतं.

मी मालवणला एका वकिलांकडे नऊ वर्षं टायपिंगचं काम केलं. वकील नाही, पण कायद्याचं पुस्तक उघडायला घाबरत नाही. घरचं काम म्हणजे कोकमाचं आगळ, आंबापोळी आणि दोन मुलं. थोरलीला वाचताना अक्षरं जुळत नव्हती. चौथीपर्यंत वाडीच्या शाळेत बाईंनी तिला सांभाळून घेतलं. पाचवीला एसटीने मोठ्या शाळेत जायला लागली आणि तिथे रोज उभं राहून मोठ्याने वाचायची पाळी आली. दिवाळीनंतर ती एसटी दिसली की ओकायला लागायची. त्या शाळेचं नाव घेणार नाही. तिथल्या दोघा शिक्षकांनी मनापासून प्रयत्न केले होते, वर्गात मुलं खूप होती. मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं, वर्ष पुरं करायचं आणि मग घरी. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. ताई घरी तर मीही घरी, असं त्याचं म्हणणं. त्यालाही पहिलीत घातलं नाही.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. महाराष्ट्राचे त्याखालचे नियम 2011 चे आहेत. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलासाठी तो आहे. घरी शिकवणं असा शब्द त्यात कुठेच नाही, ना परवानगी म्हणून ना गुन्हा म्हणून.

दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम 10 म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे. हे वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. आता कलम 8 बघा. "सक्तीचं शिक्षण" म्हणजे काय याचं स्पष्टीकरण तिथे दिलंय, आणि ती सक्ती सरकारवर घातलेली आहे: शाळा उपलब्ध करून देणं, मुलाचं नाव दाखल होईल, ते हजर राहील, आठवीपर्यंत शिक्षण पुरं करील हे बघणं. पालकाने कलम 10 पाळलं नाही तर त्याला दंड किंवा कैद अशी तरतूद या कायद्यात नाही. संविधानाचं कलम 51क पालकांची जबाबदारी सांगतं, तिथे शब्द आहेत मुलाला "शिक्षणाच्या संधी" देण्याचे.

म्हणून कुणी "हे पूर्ण कायदेशीर आहे, बिनधास्त करा" म्हणालं तर ते अर्धं खरं, आणि "पोलीस येतील" म्हणालं तर ते खोटं. कर्तव्य लिहिलेलं आहे, शिक्षा लिहिलेली नाही. या मधल्या जागेत आपण उभे असतो. त्या जागेत उभं राहायचं तर आपलं मूल शिकतंय हे कधीही, कुणालाही, कागदावर दाखवता आलं पाहिजे.

एक कागद फोनवरून फिरत असतो, त्याबद्दल सांगते. हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. 2012 मध्ये केंद्र सरकारने तिथे प्रतिज्ञापत्र दिलं, की जे पालक स्वेच्छेने घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे सरकारने तेच प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. पहिला भाग सगळे पाठवतात, दुसरा कुणी पाठवत नाही. त्या कागदाची झेरॉक्स घेऊन पंचायत समितीत जाऊ नका. आपल्या बाजूला कोर्टाच्या लढाईपर्यंत गोष्ट न्यायची गरज पडू नये असं माझं मनापासून मत आहे. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयाची कामं कोल्हापूरच्या नव्या सर्किट बेंचकडे गेली, मुंबईची खेप वाचली, तरीही घाट चढून तारखा करायचा खर्च तुमच्या मुलाच्या पुस्तकांतूनच जाणार.

घरी ठेवण्याचं कारण आधी तपासा

शाळा लांब आहे, पावसात वहाळ भरतो, म्हणून घरी ठेवतोय, असं कुणी म्हणालं तर मी आधी थांबवते. राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नसेल तर वाहतुकीची सोय किंवा भत्ता मागता येतो. आपल्याकडे वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, त्यामुळे हे कलम आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज जाऊ द्या. तक्रार असेल तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेकडे, लेखी करता येते.

मूल दिव्यांग असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथे कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट बोलतो. 2012 च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिलाय. त्या मुलाचं नाव शाळेच्या पटावर राहतं आणि समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक घरी येतात. असं मूल घरात असेल तर दाखला अजिबात काढू नका. काढलात तर हक्काची मदत आपणच तोडून टाकली असं होईल.

माझ्या थोरलीसारख्या मुलांना हे लागू होत नाही. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरली आहे, पण तेवढ्याने ती "तीव्र" ठरत नाही. तिचं प्रमाणपत्र मात्र काढून ठेवा. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्याच्यावर अवलंबून असतात. मंडळ कुठलंही असो, सवलतीचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो.

दहावीच्या वाटा

पहिली वाट गावात सगळ्यांना ऐकून ठाऊक असते: सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणे. परीक्षा राज्य मंडळाचीच, पेपर तेच, फेब्रुवारी-मार्चमध्येच. रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे. रायगड, ठाणे, पालघरची मुलं मुंबई विभागात येतात. अट अशी की मूल किमान पाचवी पास हवं, 14 वर्षं पूर्ण हवीत, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग छापील अर्ज आणि कागद जवळच्या संपर्क शाळेत जमा करायचे. तोंडी आणि अंतर्गत गुण त्याच शाळेकडून जातात. म्हणजे ज्या मुख्याध्यापकांकडून तुम्ही दाखला घेऊन निघालात, कदाचित त्यांच्याच दारात चार वर्षांनी उभं राहायचंय. भांडून शाळा सोडू नका.

त्या पाचवीच्या अटीमुळेच आम्ही थोरलीचं वर्ष पुरं केलं. फेब्रुवारीत ती रोज रडायची तेव्हा वाटायचं, आजच काढावी. नवरा म्हणाला, निकाल लागू दे. तीन महिने त्याने तिला एसटीऐवजी मोटरसायकलने सोडलं आणि आणलं. आज मागे वळून बघताना ते तीन महिने मला सगळ्यात मोलाचे वाटतात, कारण त्यामुळे एक वाट कायमची उघडी राहिली. तुमचं मूल तिसरी-चौथीत असेल आणि परिस्थिती सोसण्यासारखी असेल तर पाचवीपर्यंत ओढा. मूल आतून मोडत असेल तर ओढू नका, दुसऱ्या वाटा आहेत.

त्यातली एक राज्याचीच आहे, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. पाचवी, आठवी, दहावी, बारावी या चार टप्प्यांवर त्यांची परीक्षा देता येते. पाचवीसाठी 10 वर्षं पूर्ण, आठवीसाठी 13 वर्षं पूर्ण हवीत. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याच्या हातात पहिला सरकारी निकाल देणारी ही वाट आहे, आणि पाचवीचा निकाल हाती असला की पुढची बोलणी सोपी होतात.

तिसरी वाट आम्ही धरली ती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे एनआयओएस म्हणतात. केंद्र सरकारची, 1989 पासूनची. विभागीय कार्यालय पुण्यात. दहावीला 14 वर्षं पूर्ण हवीत. आठवी पास नसेल तर "हा अभ्यासक्रम झेपेल एवढं मला येतं" असं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. या एका ओळीने घरी शिकलेल्या कितीतरी मुलांना दहावीचं दार उघडलंय. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी मिळतात. पाचही विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही.

थोरलीसाठी हेच निर्णायक ठरलं. एका महिन्यात सहा पेपर ही कल्पनाच तिला गुदमरवते. यंदा जुलैत, 31 तारखेची मुदत संपायच्या आत, तिची नोंदणी झाली. मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, विज्ञान, गणित. पहिल्या फेरीत ती मराठी आणि चित्रकला देणार, मग धीर येईल तसं पुढे. काही विषयांचे 20 टक्के गुण घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना असतात, ते वेळेत द्या. तिथे गेलेले गुण परीक्षेत भरून काढणं जड जातं. नोंदणी करताना अभ्यास केंद्र निवडायला सांगतात. नकाशा समोर ठेवून, एसटी कुठून सुटते ते बघून निवडा.

गणिताबद्दल पालकांना सावध करते. एनआयओएसमध्ये दहावीला गणित सक्तीचं नाही. गणिताला घाबरणाऱ्या मुलाला हा दिलासा वाटतो, पण पुढे तंत्रनिकेतनचा विचार मनात असेल तर गणित-विज्ञान हाताशी असलेलं बरं. चौदाव्या वर्षी मुलाला काय व्हायचंय ते कळत नाही, आईबापालाही कळत नाही. म्हणून आम्ही गणित ठेवलं, शेवटच्या फेरीला.

"ह्या बोर्डाक कोण इचारता?" असं ऐकावं लागेल. एनआयओएसची बारावी पाच विषयांसह उत्तीर्ण झालेलं मूल जेईईला पात्र असतं. नीटच्या बाबतीत मुक्त विद्यालयाच्या मुलांना पूर्वीच्या नियमांनी अडवलं होतं, दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती अट रद्द ठरवली आणि आता ती मुलंही बसतात.

आंतरराष्ट्रीय मंडळांची, केंब्रिजसारखी, खासगी परीक्षा देणारी मुलंही असतात. फी आपल्या बाजूच्या बहुतेक घरांना झेपणारी नाही आणि केंद्रासाठी मुंबई-पुणं गाठावं लागतं. त्याबद्दल एवढं पुरे.

दाखला काढताना

नाव न काढता मूल नुसतं घरी बसवू नका. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल सरकारच्या हिशेबात "शाळाबाह्य" धरलं जातं, आणि त्या यादीत वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या मुलांच्या शेजारी तुमच्या मुलाचं नाव लागतं. वर्ष संपू द्या, निकाल घ्या, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. मी लिहिलेला अर्ज असा होता:

"माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकत होती व ती सदर इयत्ता उत्तीर्ण झाली आहे. तिच्या अध्ययनाच्या गरजा लक्षात घेऊन पुढील शिक्षण आम्ही पालक घरी देणार आहोत व योग्य वयात मुक्त विद्यालयामार्फत तिला दहावीच्या परीक्षेस बसविणार आहोत. तरी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा. भविष्यात तिला पुन्हा शाळेत यावेसे वाटल्यास कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश घेण्याचा तिचा हक्क राखून ठेवीत आहोत."

शेवटचं वाक्य अवश्य घाला. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवा. वकिलांच्या ऑफिसात शिकलेली ही गोष्ट मी कुणाही बाईला आधी सांगते: तोंडी झालेलं बोलणं मुख्याध्यापकांची बदली झाली की त्यांच्याबरोबर निघून जातं. अर्जाची एक प्रत मी केंद्रप्रमुखांनाही, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही, दिली. ते बंधनकारक नव्हतं, पण लपवायचं काही नाही हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं.

दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांत एका वेलांटीचा फरक असला तरी पुढे त्रास होतो, आणि शाळेच्या रजिस्टरातली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंतच सोपी असते.

जातीचा मुद्दा मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून मी मोठ्याने सांगते. आपल्याकडे कुणबी, भंडारी, गाबीत अशा घरांतली मुलं पुष्कळ. जातीचा दाखला काढताना आणि त्याहून जास्त पडताळणी समितीपुढे जाताना शाळेच्या रजिस्टरातली नोंद मागतात. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याची स्वतःची नोंदच नाही. मग वडिलांचा, आजोबांचा, आत्याचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा शोधत फिरावं लागतं. मूल लहान आहे, आजोबा हयात आहेत, जुन्या शाळेतलं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं नाही, तेव्हाच हे उतारे साक्षांकित करून घ्या. आम्ही धाकट्यासाठी माझ्या सासऱ्यांचा उतारा काढला. मोडी वळणाच्या अक्षरातली ती ओळ वाचायला मुख्याध्यापकांना आणि मला अर्धी दुपार लागली.

पडवीत गुरुजी आले तर

येणारच, आणि यायलाच हवेत. जुलै 2022 मध्ये राज्यभर "मिशन झिरो ड्रॉपआउट" नावाची शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम झाली. मुसळधार पावसात छत्री मोडलेल्या अवस्थेत वाडीच्या शाळेचे गुरुजी आमच्या पडवीत आले. त्यांच्या यादीत धाकट्याचं नाव होतं, वय 6, दाखल नाही. मी चहा ठेवला आणि फाईल काढून दिली.

त्या फाईलमध्ये तेव्हा फारसं नव्हतं. आता असतं ते सांगते. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड. शिक्का मारलेला अर्ज. वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेलं एक पान, यंदा काय शिकणार याचं. एक वही, जिच्यात रोज चार ओळी, तारखेसकट. बालभारतीची पुस्तकं, जी त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. शाळेतल्या मुलांना मिळतात तशी मोफत छापील आपल्याला मिळत नाहीत. मुलाच्या हातचं लिखाण महिन्यातून एक, चुका तशाच ठेवून. थोरलीच्या वहीत रापणीला आलेल्या मासळीची नावं आणि भाव आहेत, भरती-ओहोटीच्या वेळा आहेत, आगळाच्या बाटल्यांचा हिशेब आहे, आणि त्याच वहीत सहावीच्या पुस्तकातले अपूर्णांकही आहेत. दोन्ही दाखवा. नुसती मासळी दाखवलीत तर गुरुजींना वाटेल मूल कामाला लावलंय. नुसते अपूर्णांक दाखवलेत तर मग शाळेतच का नाही, असं ते विचारतील, आणि ते विचारणं बरोबर असेल.

गुरुजींनी सगळं वाचलं. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, माझ्या शाळेचा पट अकरा आहे. झील आला असता तर बारा."

यावर मी त्या वर्षी पुष्कळ रात्री विचार केला. आपल्या बाजूला मुंबईला गेलेल्या घरांमुळे शाळांचे पट एवढे खाली आलेत की एकेक मूल मोजलं जातं. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचं परिपत्रक आलं तेव्हा वाडीत सभा झाली, आणि माझ्याकडे बघून दोन बायका काहीतरी बोलल्या. त्यांना मी दोष देत नाही. मूल घरी शिकवणं हा आपल्या घरापुरता निर्णय वाटतो, पण बारा मुलांच्या शाळेत तो सगळ्या वाडीला लागतो. म्हणून माझं सांगणं आहे, व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा, पंधरा ऑगस्टला मुलांना घेऊन झेंड्याला जा, शाळेच्या कामाला हात लावा.

गुरुजींनी पुढे सुचवलं, "नाव नुसतं पटावर राहू दे, पोर घरी शिकू दे." त्यांचा हेतू शाळा वाचवण्याचा होता. मी हात जोडून नको म्हटलं. नाव पटावर आणि मूल घरी, याचा अर्थ रोज खोटी हजेरी. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ हिशेबात धरला जातो, तोही खोटा. तपासणी झाली तर सही गुरुजींची. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याची नोकरी पणाला लावायची नाही. कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी हा मार्ग धरू नका.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. शेजारची चार मुलं जमवून, फी घेऊन, पाटी लावून शाळेसारखं काही सुरू केलंत तर कलम 18 लागतं. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि चालूच ठेवली तर रोज दहा हजार. आपल्या मुलांना आपल्या घरी शिकवा. शेजारची मुलं शाळा सुटल्यावर खळ्यात खेळायला, गोष्ट ऐकायला येऊ देत. दुसरं, शाळेतल्या शिक्षकांना पैसे देऊन शिकवणी लावू नका. कलम 28 प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. निवृत्त गुरुजी गावोगाव आहेत, त्यांच्याकडे जा. थोरलीला गणित एक निवृत्त बाई शिकवतात आणि मोबदला म्हणून कोकमं फोडायला माणसं लागतात तेव्हा आम्ही दोघं जातो.

परत जायचं असेल तर

हा भाग मुलं घरी आणण्याआधीच वाचून ठेवा. कलम 4 प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो (राज्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर सहावी ते आठवीसाठी मात्र पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते), आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मागता येतं. आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवा असं कुणी म्हणू शकत नाही. कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची निवड चाचणी घेता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून कलम 14 खाली नाकारता येत नाही. जून उलटून गेला, वर्ष अर्धं झालं, म्हणूनही नाही. चौदा वर्षांच्या पुढे मात्र हे दार असं आपोआप उघडत नाही. तेराव्या वर्षी एकदा मुलाशी नीट बसून बोला.

आमच्याकडे ते बोलणं अनपेक्षित आलं, आणि थोरलीकडून नाही. 2024 च्या मेमध्ये धाकटा म्हणाला, मला शाळेत जायचंय. वाडीतल्या पोरांचा संघ होता आणि सामने शाळेच्या मैदानात व्हायचे. मला वाईट वाटलं, ते मी त्याला दिसू दिलं नाही. जूनमध्ये जन्मदाखला, आधार आणि दोन वर्षांच्या वह्या घेऊन आम्ही गेलो. तो आठ वर्षांचा होता, म्हणून तिसरी. गुरुजींनी वह्या चाळल्या, पाढे विचारले नाहीत, जनरल रजिस्टर उघडलं आणि "पूर्वीची शाळा" या रकान्यापाशी थांबले. मग तिथे आडवी रेघ मारली, खाली त्याचं नाव लिहिलं आणि फळ्यावरचा पट खडूने पुसून नवा लिहिला.